ट्रंकेवरचा नंबर

चिऊ,

परवा व्हिडिओ कॉलवर गावाकडची खंडेनवमी बघून झाली आणि तू विचारलंस, "बाबा, झेंडूची माळ घालून आपण नेमकं काय साजरं करतो? अण्णाआजोबा मेले, हे?" मी म्हणालो, "झोप आता, उद्या शाळा आहे." राग आला नव्हता गं. उत्तर सुचत नव्हतं, आणि आजी अजून फोनवरच होती.

समोर बसून बोलायला लागलो की माझं भाषण होतं आणि तू डोळे फिरवतेस, म्हणून लिहितोय. अडलं तर आईकडून वाचून घे.

जर्मनीत तुम्हाला युद्ध म्हटलं की आधी मान खाली घालायला शिकवतात. या देशानं जे केलं ते बघता बरोबरच आहे. त्या नजरेनं आपल्या ओसरीवरचं दृश्य विचित्र दिसलं असणार. घोंगडीवर विळे, खुरपी, कुऱ्हाड, कुळवाची फास, ट्रॅक्टरचे पाने, आणि त्या सगळ्यांत हळदकुंकू लावलेली एक काळी पत्र्याची ट्रंक. मला लहानपणी त्यात काहीच वेगळं वाटायचं नाही. ज्याच्यावर घर चालतं त्याची त्या दिवशी पूजा, एवढंच माहीत.

अण्णा, म्हणजे माझा चुलता, देशासाठी फौजेत गेला, असं मी शाळेत पंधरा ऑगस्टच्या भाषणात ठोकून द्यायचो. टाळ्या मिळायच्या. एकदा आबांनी घरी आल्यावर सांगितलं, "चार भाऊ, कोरडवाहू रान. बेळगावला गेला की दोन टायमाचं जेवण पक्कं, म्हणून गेला त्यो." मला फार वाईट वाटलं होतं, भाषण खोटं पडल्यासारखं. आता वाटत नाही. मी तरी इथं कशासाठी आलो?

पण माझा आजा वेगळं सांगायचा. आपलं गाव नळदुर्गच्या अलीकडं. १३ सप्टेंबर १९४८ ला सोलापूरच्या बाजूनं हिंदी फौज निजामाच्या हद्दीत शिरली, ते त्यानं रानातून पाहिलं होतं. त्याच दिवशी नळदुर्गजवळ शीख पलटणीचे हवालदार बचित्तर सिंग लढताना पडले. पुढं त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळालं. आजाला पदकाचं काही नव्हतं. तो म्हणायचा, "पंजाबातल्या कुण्या मायचं लेकरू आपल्या वेशीवर मेलं. मग आपलं पोर बंगालात गेलं तर आपण कुणाला बोलावं?" पोलीस अ‍ॅक्शननंतर, म्हणजे फौजेच्या त्या कारवाईनंतर, आपल्या जिल्ह्यात मुसलमान घरांचं जे झालं तेही सांगायचा, पण आवाज खाली घेऊन. तू मोठी झालीस की ते नीट बोलू.

अण्णा डिसेंबर १९७१ मध्ये गेला, पूर्वेच्या आघाडीवर. तेव्हा सैनिकाचा देह घरी येत नसे. तार आली, ती मास्तरांनी वाचून दाखवली. काही महिन्यांनी ही ट्रंक आली. आत एक जर्सी, दाढीचा ब्रश, तामचिनीचा मग आणि मोठीमायनंच, म्हणजे अण्णाच्या बायकोनं, लिहून घेतलेली दोन पत्रं.

लगेच बहात्तरचा दुष्काळ पडला. माझा तेव्हा जन्मही नव्हता, पण घरात कुणी पानात टाकलं की तो दुष्काळ आजही निघतो, तुला ठाऊकच आहे. सगळा गाव खडी फोडायला, लेकरं सुकडीवर, भाकरी अमेरिकेतून आलेल्या तांबड्या मिलोची. आणि आपल्या घरात मोठीमायचं पेन्शन. त्यावर अकरा माणसं जगली. ट्रंक अवजारांच्या रांगेत कशी गेली हे मला कुणी सांगितलेलं नाही, पण माझा अंदाज आहे की त्याच वर्षी गेली असणार. हे लिहितानाही थोडी लाज वाटते. म्हणजे आपण त्याला पुजत होतो, की त्याच्या मरणावर आलेल्या पैशाला?

तू हे विचारलं नाहीस, तरी खरं टोचतं ते पुढचंच. ट्रंकेला हळदकुंकू आजी लावायची, काकू लावायच्या, लग्न होऊन आलेली नवी सूनही लावायची. मोठीमाय चौकटीला टेकून उभी. विधवेनं कुंकवाला हात लावायचा नाही. ज्या घरानं तिच्या पैशावर ज्वारी आणली, त्याच घरानं तिला उंबऱ्याच्या आत थांबवलं. याची बाजू मी घेणार नाही.

तिचं काम आदल्या दिवशी असायचं. जर्सीला ऊन दाखवायचं, कडुनिंबाचा पाला बदलायचा. मग काडीला कापूस गुंडाळून, पांढऱ्या ऑइलपेंटात बुडवून झाकणावरचा अण्णाचा फौजेतला नंबर गिरवायचा. तिला अक्षरओळख नव्हती. प्रत्येक आकडा ती रांगोळीसारखा काढायची, जीभ दातांत धरून. रंग वाळेपर्यंत कुणाला जवळ येऊ द्यायची नाही.

पाचवीत मी इंग्रजी आकडे शिकलो आणि पेन्शनच्या पुस्तकाशी तो नंबर ताडून पाहिला. शेवटून दुसरा आकडा सात होता. वर्षानुवर्षं गिरवताना त्याची आडवी रेघ आखडत गेली होती आणि त्याचा पार एक झाला होता. मी ते सगळ्यांसमोर मोठ्यानं सांगितलं, हुशारी दाखवायला. मोठीमाय हसली. म्हणाली, "मग रे? आता त्येला दुसऱ्याच्या घरी नेऊन घालतेत का काय?" आबांनी मात्र मला मागच्या दारी नेऊन एक ठेवून दिली. आयुष्यात एवढा एकदाच हात उचलला त्यांनी.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर यात आहे का, मला माहीत नाही. अण्णा मेला हे आपण साजरं करत नाही, एवढं खात्रीनं सांगतो. पुढच्या वर्षी गावी असलो तर तू ट्रंकेला माळ घातलीच पाहिजेस असंही नाही.

तू कॉलवर त्या नंबरचा स्क्रीनशॉट काढलास आणि म्हणालीस की नेटवर शोधते. त्यानं काही सापडणार नाही. खरा नंबर पेन्शनच्या पुस्तकात आहे, देवघराखालच्या फळीवर. आजीकडून मागून घे. फक्त ट्रंकेवरचा चुकलाय असं तिला फोनवर म्हणू नकोस. मोठीमाय गेल्यापासून काडीला कापूस गुंडाळून आजीच तो गिरवते, आणि त्या एकाची रेघ ती मुद्दाम सरळ ठेवते.

बाबा