मिरची गरम नसते, मग तोंड का भाजतं?

तुमचा प्रश्न असा आहे की हाताला थंड लागणारी मिरची तोंडात गेल्यावर पोळते कशी, आणि पोपट तीच मिरची आरामात कसा खातो.

मुळात तिखट ही चव नाही. गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी (टोमॅटो-मश्रूममधली मांसल चव) या चवी जिभेवरच्या रुचिकलिका ओळखतात. तिखट मात्र उष्णता आणि वेदना कळवणाऱ्या चेतातंतूंना जाणवतं. या तंतूंच्या टोकांवर टीआरपीव्ही१ नावाचं ग्राहक प्रथिन (म्हणजे संवेदना टिपणारं, रिसेप्टर) असतं, पेशीच्या आवरणातलं एक दारच म्हणा ना. तापमान साधारण ४३ अंश सेल्सिअसच्या वर गेलं की ते उघडतं, सोडियम-कॅल्शियमचे आयन आत घुसतात आणि मेंदूला 'भाजतंय' अशी वर्दी जाते. मिरचीतलं कॅप्सायसिन नेमकं याच प्रथिनाला चिकटून ते उघडतं. वर्दी एकच, त्यामुळे मेंदूच्या लेखी तोंड खरोखरच भाजत असतं. कपाळावर घाम येतो तोही त्यामुळेच.

अमेरिकी शास्त्रज्ञ डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेनं १९९७ साली हे प्रथिन शोधलं. २०२१चं वैद्यकशास्त्राचं नोबेल त्यांना आणि स्पर्शाचे ग्राहक शोधणाऱ्या आर्डेम पटापुटियन यांना मिळून दिलं गेलं.

ठेचा खाऊन लगेच चहा प्यायलात तर एरवी सहज पिता तेवढाच कोमट चहाही चटका देतो, बघा. कॅप्सायसिन चिकटलेलं असताना हे प्रथिन कमी तापमानालाच उघडतं. मिरच्या चिरून हात कोमट पाण्यात घातल्यावर आग होते, तीही याचमुळे. कॅप्सायसिन पाण्यात फारसं विरघळत नाही, म्हणून तोंड भाजल्यावर नुसतं पाणी पिऊन भागत नाही. दूध किंवा दही घ्यावं.

आता पोपट. पक्ष्यांमध्येही हे प्रथिन असतं आणि त्यांनाही चटका कळतो, पण त्याची घडण थोडी वेगळी असल्यानं कॅप्सायसिनचा त्यावर जवळपास परिणाम होत नाही. मिरचीचं मूळ घर अमेरिका खंडात. उंदरांसारखे प्राणी बिया चावून फोडतात, पक्ष्यांच्या पोटातून मात्र त्या शाबूत बाहेर पडतात आणि दूरवर रुजतात. तिखटपणा कुणाला हाकलतो आणि कुणाला नाही, हे पाहिलं की मला तर थक्क व्हायला होतं.

म्हणजे परिसर सगळ्यांना सारखा कळत नाही. ज्याच्या अंगावर जे ग्राहक, तेवढंच त्याचं जग. सह्याद्रीत आढळणारा चापडा साप घ्या. त्याच्या डोळा आणि नाकपुडीच्या मध्ये एक खळगा असतो आणि त्यातल्या पातळ पडद्यावर उष्णतेचे ग्राहक असतात. काळोखात समोरून जाणाऱ्या उंदराच्या अंगाची ऊब त्याला त्यातून जाणवते. चापडा ज्यात मोडतो त्या पिट वायपर (असा खळगा असलेल्या विषारी सापांच्या) गटात हे काम टीआरपीए१ हे प्रथिन करतं. आपल्यातही ते आहे, पण आपल्याला त्याची ओळख मोहरी फेसल्यावर नाकात जाणाऱ्या झणक्यातून होते.