हेर मुलीची गोष्ट लिहिताना

तुमच्या गोष्टीतली अकरा वर्षांच्या हेर मुलीची कल्पना झकास आहे, पण पहिल्याच पानावर तिच्या हातात पिस्तूल कशाला? लहान मुलीकडे कुणाचं लक्ष नसतं, हेच तिचं शस्त्र. ती जिन्यात सागरगोटे खेळत बसली तर मोठी माणसं तिच्यासमोर बिनधास्त बोलतात. बहिर्जी नाईकांना वेषांतर करावं लागे. हिला शाळेचा गणवेश पुरे.

युक्त्या मात्र घरी करून बघा. तुमची नायिका लिंबाच्या रसाने लिहिलेली चिठ्ठी बल्बजवळ धरून वाचते. अहो, एलईडी तेवढा तापतच नाही! इस्त्री द्या तिला. रस पूर्ण वाळलेला कागद, वर दुसरा कोरा कागद, वाफ बंद. रस लागलेला भाग बाकी कागदाआधी करपतो आणि तपकिरी अक्षरं उमटतात. करपट वासही येऊ द्या गोष्टीत. आईच्या नाकाला तो लागला की पुढचा प्रसंग आयताच मिळाला.

सांकेतिक भाषा म्हणून 'च'ची भाषा आहेच, 'मला'चं 'चलाम'. पण ती शाळेतल्या निम्म्या पोरांना येते. खलनायकाला चकवायचं तर सीझरची रीत घ्या: प्रत्येक व्यंजन तीन घरं पुढे, म्हणजे 'कमल'चं 'घलष'. काना-मात्रा तशाच ठेवा, नाहीतर वाचक वैतागतील.

आणि आई-बाबांना पहिल्याच प्रकरणात परगावी धाडू नका, फार सोपी पळवाट आहे ती. स्वयंपाकघरातून "कुठे निघालीस गं?" असा आवाज आला की तिला थाप मारावी लागते, आणि खरी धाकधूक तिथे सुरू होते.