नाला झाकून शहर हिरवं होत नाही : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

लॉकडाऊनमध्ये दोन खोल्यांत पाच-सहा माणसं कोंडून राहिली, पोरांना पळायला जागा नव्हती, म्हाताऱ्यांना बसायला सावली नव्हती. तेव्हापासून सांगली, मिरज, कुपवाडच्या लोकांना शहर मोकळं हवं, हिरवं हवं असं मनापासून वाटायला लागलंय आणि ते चांगलंच आहे. पण त्यात व्हॉट्सॲपवरची माहिती, एजंटाची तोंडी हमी आणि कॉन्ट्रॅक्टरची कोटेशनं इतकी मिसळलीत की माझ्याकडं तेच तेच गोंधळाचे प्रश्न फिरून येतायत. मी नगररचनेचं काम करतो. प्रत्येकाला वेगळं लिहिणं जमत नाही, म्हणून वारंवार येणारे प्रश्न इथं एकत्र घेतोय. नावं दिलेली नाहीत.

प्रश्न : पिंपळ रात्रीही ऑक्सिजन सोडतो म्हणे. कोरोनात ऑक्सिजनसाठी झालेली धावपळ बघून आम्ही सोसायटीच्या पार्किंगलगत चार पिंपळ लावायचं ठरवलंय. बरोबर ना? (विश्रामबाग)

नाही. ऑक्सिजन उजेडात तयार होतो, रात्री कुठलंच झाड तो सोडत नाही आणि हॉस्पिटलातल्या ऑक्सिजनचा न् झाडाचा काही संबंध नाही. पिंपळ मोठ्या मोकळ्या जागेत लावा, पार्किंगलगत लावलात तर मुळं कंपाउंड आणि ड्रेनेज दोन्ही फोडतील.

प्रश्न : टेरेसवर फूटभर मातीचा थर टाकून भाजीपाला करायचाय. बिल्डिंग 1994 ची आहे. वॉटरप्रूफिंगवाला म्हणतो काही होत नाही. (मिरज)

वॉटरप्रूफिंगवाल्याला स्लॅबच्या आत किती सळई आहे हे कसं माहीत? भिजलेली माती एक घनमीटरला दीड टनाच्या वर जाते, म्हणजे फूटभर थराचं वजन चौरस मीटरला 500 किलोच्या आसपास. आणि माणसांची ये-जा असलेली टेरेस आपल्याकडं डिझाइन करतात ती चौरस मीटरला साधारण 150 किलो वापराचा भार धरून. हिशोब तुम्हीच करा. कुंड्या किंवा ग्रो बॅग घ्या, कोकोपीट-कंपोस्टचं हलकं मिश्रण वापरा, त्या बीमच्या रेषेवर किंवा भिंतीलगत ठेवा आणि तेही स्ट्रक्चरल इंजिनियरला प्रत्यक्ष दाखवून. त्याची फी स्लॅबच्या दुरुस्तीपेक्षा कितीतरी कमी असते.

प्रश्न : शंभर फुटी रोडवर सायकल ट्रॅक होईल का?

होईल, पण आधी तिथलं पार्किंग हलवायला लागेल. नुसते पिवळे पट्टे ओढून सायकल ट्रॅक होत नाही.

प्रश्न : आमच्या कॉलनीच्या मागून नाला जातो. वास, डास, कचरा. आम्ही 60 घरांनी मिळून निवेदन तयार केलंय की नाला स्लॅब टाकून झाकावा आणि वर वॉकिंग ट्रॅक, ओपन जिम आणि झाडं करावीत. कोरोनानंतर आरोग्यासाठी अशी जागा पाहिजेच. निवेदनाला तज्ज्ञ म्हणून तुमची सही मिळेल का?

सही देणार नाही. का नाही ते नीट सांगतो, कारण असलीच निवेदनं शहराच्या सगळ्या भागांतून येतायत आणि यात चांगल्या मनाची माणसं शहराचं मोठं नुकसान करून ठेवणार आहेत.

आपण कृष्णेच्या काठावर राहतो. आयर्विन पुलाजवळ 40 फुटांना इशारा पातळी आणि 45 ला धोका पातळी, हे सांगलीतल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. 2005 ला पाणी 53 फुटांच्या वर गेलं, 2019 ला 57 च्या वर, 2021 ला 55 च्या आसपास. आता हे पाणी गावात शिरतं कसं ते बघा. दरवेळी ते घाटावरून चढून येत नाही, आधी नाल्यांतून उलटं येतं. नदी फुगली की नाल्याचं तोंड दाबलं जातं, नाल्यातलं पाणी बाहेर पडत नाही, वर गावात पाऊस चालू असतो आणि मग ते पाणी मिळेल त्या वाटेनं पसरतं. नाला रुंद आणि उघडा असेल तर पसरायला निदान पात्र तरी असतं, झाकलेला असेल तर ते चेंबरची झाकणं उचलून रस्त्यावर आणि मग घरात येतं. घरातली मोरी बुजवून कोणी वर फरशी घालत नाही, शहराच्या बाबतीत मात्र आपण तेच मागतोय आणि त्याला ग्रीन म्हणतोय.

बरं, स्लॅब टाकताना नाला आहे तेवढा रुंद कधीच राहत नाही. तीस फुटांचा नाला आठ फुटांच्या काँक्रीटच्या बंद बॉक्समध्ये बसवतात, उरलेली जागा ट्रॅकला आणि थोडी शेजारच्या प्लॉटवाल्याला. मग त्या बॉक्समध्ये गाळ साचतो, तो काढायला जेसीबी आत जात नाही, म्हणून माणूस उतरवायला लागतो. सुरक्षा साधनांशिवाय गटारात माणूस उतरवणं 2013 च्या कायद्यानं गुन्हा आहे, तरी कुणाच्या तरी जिवावर हे चालतं. तुमच्या वॉकिंग ट्रॅकखाली हे होणार आहे हे निवेदनात लिहिलंय का? डासही जात नाहीत, आत साचलेल्या पाण्यात आरामात वाढतात.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, हे पाणी जातं कुठं? तुमच्या 60 घरांना ट्रॅक मिळेल, पण नाल्याच्या खालच्या अंगाला गुंठेवारीतली घरं आहेत. स्वस्त म्हणून काळ्या मातीत, सखल भागात गुंठा-दोन गुंठे घेऊन राहिलेली माणसं, तुमच्याकडं कामाला येणारी, रिक्षा चालवणारी. तुम्ही वर पात्र आवळलंत की पाणी त्यांच्या चुलीपर्यंत जाणार. 2021 च्या जुलैत कोरोना चालू असतानाच पूर आला आणि एकीकडं सहा फूट अंतर ठेवा म्हणून सांगत असताना याच लोकांना शाळांच्या खोल्यांत दाटीवाटीनं राहायला लागलं. महामारीनं काही शिकवलं असेल तर ते एवढंच, की आपल्या गल्लीपुरतं आरोग्य असं काही नसतं.

वास आणि कचरा हा खरा त्रास आहे, मी तो नाकारत नाही. पण वास नाल्याचा नाही, त्यात सोडलेल्या ड्रेनेजचा आहे. शेरी नाल्याचं पाणी कृष्णेत मिसळतंय ही तक्रार आपण किती वर्षं ऐकतोय! तेव्हा मागणी बदला. पहिली, ड्रेनेज वेगळ्या लाइनला जोडा. दुसरी, नाल्याची मोजणी करून मूळ रुंदी दगड रोवून जागेवर दाखवा. तिसरी, पात्राला हात न लावता एका काठानं मातीची पायवाट करा आणि पाणी सोसणारी झाडं लावा, अर्जुन, करंज, उंबर, जांभूळ. दक्षिण कोरियात सोल शहरानं ओढा झाकून वर रस्ता आणि त्यावर उड्डाणपूल बांधला होता, तो सगळा पाडून 2005 साली जवळपास 6 किलोमीटर ओढा परत उघडा केला. ज्यांच्याकडं पैसा आहे ते उघडतायत आणि आपण झाकायला निघालोय. निवेदन देण्याआधी सिटी सर्व्हे ऑफिसातून तुमच्या भागाचा जुना नकाशा काढा आणि जलनिस्सारणाचं काम करणाऱ्या इंजिनियरला नाला प्रत्यक्ष चालून दाखवा. मग माझ्याकडं या, तेव्हा सही देतो.

प्रश्न : शामरावनगरच्या बाजूला प्लॉट घेतोय. एजंट म्हणतो पूररेषा बदलणार आहे, शिवाय चार फूट मुरूम टाकला की प्रश्न मिटला. बँक 20 वर्षांचं कर्ज द्यायला तयार आहे.

पूररेषा एजंट ठरवत नाही, पाटबंधारे खातं ठरवतं. निळी रेषा म्हणजे सरासरी 25 वर्षांत एकदा येणारा पूर आणि लाल म्हणजे 100 वर्षांत एकदा. याचा अर्थ एकदा आला की पुढं 25 वर्षं सुट्टी असा नाही. निळ्या रेषेवरच्या जागेला दरवर्षी शंभरात चार एवढी शक्यता असते, म्हणजे तुमच्या 20 वर्षांच्या कर्जात एकदा तरी पाणी येण्याची शक्यता निम्म्याहून जास्त होते. निळ्या रेषेच्या आत नवीन घराला परवानगीच नाही. निळ्या-लाल रेषांच्या मधे बांधायचं तर जोतं लाल रेषेच्या पातळीपेक्षा किमान 0.45 मीटर वर घ्यायला लागतं.

मुरमाचं म्हणाल तर तो टाकल्यानं पाणी नाहीसं होत नाही, शेजाऱ्याकडं जातं, आणि पुढच्या वर्षी शेजारी पाच फूट टाकतो. गुंठेवारी नियमित झाली, बँकेनं कर्ज दिलं, यातलं काहीच पाणी न येण्याची हमी नाही. इसाऱ्याचा रुपया देण्याआधी नगररचना विभागाकडून त्या गट नंबरचा झोन दाखला (जागा कुठल्या वापरासाठी राखलीय ते सांगणारा) आणि भाग नकाशा घ्या, त्यावर पूररेषा बघा, आणि वकिलाकडून टायटल सर्च, म्हणजे मालकीची कागदपत्रं तपासून घ्या. एजंट घाई करत असेल तर अजिबात घाई करू नका.

प्रश्न : मी गाड्यावर भाजी विकते. लॉकडाऊनमध्ये याच अपार्टमेंटची माणसं फोन करून मला बोलवायची, आता गेटसमोर घाण होते म्हणून उठवतात. मी स्वनिधीचं 10,000 कर्ज घेऊन फेडलंय. मला उठवता येतं का? (सांगली)

ताई, तुमचा प्रश्न या सगळ्यात खरा आहे. आधी एक गैरसमज काढतो. स्वनिधी ही केंद्र सरकारनं पथविक्रेत्यांसाठी 2020 च्या जूनमध्ये सुरू केलेली कर्जाची योजना आहे, कर्ज मिळालं म्हणून जागेचा हक्क मिळत नाही. हक्क येतो 2014 च्या पथविक्रेता कायद्यातून. त्या कायद्यानं शहरातल्या विक्रेत्यांचा सर्व्हे होऊन दाखले मिळाल्याशिवाय कुणाला उठवता येत नाही. हलवायचं झालं तर 30 दिवसांची नोटीस लागते आणि ती महापालिकेनं द्यायची असते, अपार्टमेंटच्या चेअरमननं नाही. शहर फेरीविक्रेता समितीत किमान 40 टक्के सदस्य विक्रेते असले पाहिजेत. तुमचं नाव सर्व्हेत आहे का, दाखला आहे का, हे महापालिकेत जाऊन आधी बघा आणि दाखल्याची झेरॉक्स गाड्यावरच ठेवा. सर्व्हे झाला नाही असं सांगितलं तर तसं लेखी मागा. प्रकरण वाढलं तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, महिलांना तिथं मोफत वकील मिळतो.

अपार्टमेंटवाल्यांनाही सांगतो. घाण होते तर डबा ठेवा, वेळ ठरवा. दारात भाजी मिळणारं शहर म्हणजेच गाडी न काढावं लागणारं शहर, ग्रीन सिटीची पत्रकं काढून भाजीवालीला उठवणं बरोबर नाही.

प्रश्न : आमच्या रस्त्याला पेव्हर ब्लॉक बसवले, छान दिसतंय, पण दोन जुने कडुलिंब वाळायला लागलेत. फवारणी कुठली करू?

फवारणी नको, पहार घ्या. तुम्ही पाठवलेल्या फोटोत स्पष्ट दिसतंय, ब्लॉक थेट बुंध्याला टेकलेत, फटीत सिमेंट भरलंय आणि एका बाजूनं साल फुगून ब्लॉकवर चढलीय. एक बादली पाणी बुंध्याशी ओतून बघा, सगळं वाहून गटारात जाईल, मुळाला थेंब मिळणार नाही. दिल्लीतल्या झाडांबाबत राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानं 2013 मध्येच बुंध्याभोवती एक मीटर जागा मोकळी सोडायला सांगितलंय, तरी ठेकेदार चौरस फुटावर बिल काढायचं म्हणून खोडापर्यंत ब्लॉक लावतात. महापालिकेच्या उद्यान विभागाला फोटोसह अर्ज द्या आणि त्यांच्या माणसासमोर ब्लॉक काढून घ्या, मुळं तुटू देऊ नका. फांद्या तोडायच्या असतील तर परवानगीशिवाय हात लावू नका. झाड 50 वर्षांचं किंवा त्याहून जुनं असेल तर राज्याच्या झाडं जपण्याच्या कायद्यातल्या 2021 च्या दुरुस्तीनंतर ते हेरिटेज वृक्षात मोडतं.

प्रश्न : एक कंपनी आमच्या ओपन स्पेसमध्ये मियावाकी जंगल करून देतेय, दोन वर्षांत घनदाट, 3,000 झाडं. घ्यावं का?

ओपन स्पेस पोरांच्या खेळायची आहे का, हे आधी विचारा. लेआउटमधली ती जागा तिथल्या सगळ्या प्लॉटधारकांची असते आणि घनदाट लागवड केली की तिथं क्रिकेटही नाही न् बाकडंही नाही. मियावाकीत चौरस मीटरला तीन-चार रोपं लावतात, म्हणून आकडा मोठा दिसतो आणि कोटेशनही. एखादा कोपरा द्यायचा तर जरूर द्या, पण कंपनीकडून झाडांची यादी लेखी घ्या. त्यात कोनोकार्पस हे झपाट्यानं वाढणारं परदेशी झाड असेल तर तिथंच थांबा, गुजरातनं 2023 मध्ये त्यावर बंदी घातलीय. तिसऱ्या वर्षी किती रोपं जिवंत राहतील आणि उन्हाळ्यात पाणी कुठून देणार हेही करारात लिहून घ्या. यादी एखाद्या वनस्पतीशास्त्राच्या प्राध्यापकाला दाखवा.

प्रश्न : आम्ही सूचना नगरसेवकांना तोंडी सांगितल्या, काहीच होत नाही. कुठं द्यायच्या?

तोंडी सूचनेची फाइल होत नाही. बजेटमध्ये काम यायला हवं असेल तर बजेट मांडायच्या आधी लेखी द्या. एप्रिलमध्ये दिलेला अर्ज पुढच्या वर्षावर जातो. पुण्यात 2006 पासून नागरिकांकडून बजेटसाठी कामं मागवतात, आपल्याकडंही तशी पद्धत सुरू करा अशी मागणी करा. 2009 मध्ये राज्यानं क्षेत्र सभेची, म्हणजे भागातल्या मतदारांच्या सभेची तरतूद केलीय, तुमच्या प्रभागात ती शेवटची कधी झाली हे माहिती अधिकारात विचारा. आणि विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला की हरकतीला 30 दिवसच असतात. त्या 30 दिवसांत लोक चर्चा करत बसतात आणि एकतिसाव्या दिवशी माझ्याकडं येतात, तेव्हा माझ्याही हातात काही राहत नाही. गट नंबर, नकाशावरची जागा आणि नेमकी मागणी एका पानात लिहा, शक्य असेल तर आर्किटेक्टकडून स्केच जोडा, आवक-जावकला द्या आणि पोच घ्या.