रसायनमुक्त की रसायनविरहित?

पेडण्याहून एका ताईंचा प्रश्न आला आहे. त्यांचा बायकांचा स्वयंसहाय्य गट खोबरेल तेलाचा साबण करतो आणि जवळच्या मिठागरातलं मीठ पाकिटात भरून विकतो. आता लेबलं छापायची आहेत. छापखान्यातला मुलगा म्हणाला, ‘केमिकल फ्री’ आणि ‘सायंटिफिकली प्रूव्हन’ असे दोन गोल शिक्के टाकून देतो, त्याचे वेगळे पैसे नकोत. ताईंना लेबल मराठीतच हवं. त्या विचारतात, ‘रसायनमुक्त’ लिहायचं की ‘रसायनविरहित’? आणि ‘वैज्ञानिकदृष्ट्या सिद्ध’ नेमकं कसं लिहायचं? घरात तिघांनी ते तीन तऱ्हांनी लिहून दाखवलं म्हणे. सोबत लेबलाच्या कच्च्या नमुन्याचा फोटो आहे.

शुद्धलेखनाचं आधी उरकू. ‘दृष्ट्या’ हे संस्कृत ‘दृष्टि’ शब्दाचं तृतीयेचं एकवचन, अर्थ ‘दृष्टीने’. ट ला य जोडायचा. ‘दृष्टया’ चूक, ‘दृष्ठ्या’ त्याहून चूक. ‘वैज्ञानिकदृष्ट्या’ हा सलग एक शब्द, मधे जागा सोडायची नाही. ‘सिद्ध’मध्ये द ला ध. अर्थाची गोष्ट वेगळी, तिच्याकडे नंतर येतो.

‘मुक्त’ आणि ‘विरहित’ची मौज जास्त आहे. ‘मुक्त’ आला ‘मुच्’ धातूवरून, म्हणजे सोडणे, सुटणे. माणूस रोगमुक्त होतो, कर्जमुक्त होतो, व्यसनमुक्त होतो. गोवा मुक्त झाला १९ डिसेंबर १९६१ रोजी, आणि कशातून मुक्त झाला ते इथे कुणाला सांगावं लागत नाही. म्हणजे ‘मुक्त’ म्हटलं की आधी काहीतरी पीडा होती, बेडी होती, हे त्यात आलंच. समासात ‘मुक्त’च्या आधी बसलेला शब्द त्यामुळे आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहतो, तोही साक्षीपुराव्याशिवाय. पाकिटावर ‘साखरमुक्त’ छापलं की साखर ही व्याधी ठरलीच.

‘विरहित’ आला ‘रह्’ धातूवरून, सोडणे, वेगळं होणे. ‘विरह’ त्याच घरातला. काटेकोरपणे बघितलं तर ‘रसायनविरहित साबण’ म्हणजे रसायनाच्या विरहात झुरणारा साबण! अर्थात स्वार्थविरहित, दोषविरहित असे शब्द आपण वापरतो तेव्हा कुणी झुरत नसतं. तो रंग कधीच उडून गेला. बोलण्यात मात्र आपल्याला ‘बिन’ पुरतो. बिनसाखरेचा चहा, बिनबियांची द्राक्षं, बिनभाड्याची खोली. कोंकणीत आपण ‘बगर’ म्हणतो. हे शब्द नुसतं ‘नाही’ एवढंच सांगतात, निवाडा करत नाहीत. म्हापशाच्या हॉटेलात ‘एक साखरमुक्त चहा’ अशी ऑर्डर देऊन बघा, पोरगा तुमच्या तोंडाकडे बघत राहील.

तेव्हा व्याकरणाने दोन्ही शब्द बरोबर. जाहिरातवाले ‘मुक्त’ का उचलतात तेही लक्षात आलं असेल. (‘फ्री’ची तर कथाच और. आमच्या एका वयस्क मामींनी शांपूच्या बाटलीवर ‘केमिकल फ्री’ वाचून दुकानदाराला विचारलं होतं, ‘ते फुकटचं केमिकल कुठाय?’ एकावर एक फ्रीच्या काळात त्यांचं काय चुकलं?)

खरी अडचण पिंजऱ्यात उभ्या केलेल्या शब्दाची आहे. ‘रसायन’ हा मुळात मानाचा शब्द. आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी एक अंग रसायन. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानाची सुरुवातच रसायनाच्या अध्यायाने होते. रस म्हणजे शरीरातला पहिला धातू, अयन म्हणजे वाट, गती. शरीरातले रसादी धातू उत्तम व्हावेत, म्हातारपण लांबावं, यासाठी घ्यायचं ते रसायन. च्यवनप्राश त्याच अध्यायात येतो. त्यामुळे ‘रसायनमुक्त च्यवनप्राश’ असं कुणी छापलं तर त्याने डबा रिकामा विकायला हवा. पुढे इंग्रजी अमदानीत पदार्थांच्या घडणीचं नवं शास्त्र मराठीत शिकवायची वेळ आली, तेव्हा त्यालाही हेच जुनं नाव मिळालं. बोलीत शब्दाची ऐट अजून शिल्लक आहे. ‘तो माणूस म्हणजे एक अजब रसायन आहे’ असं आपण कौतुकाने म्हणतो, विषबाधेची भीती म्हणून नव्हे.

शब्द बदनाम झाला तो रासायनिक खतं, रासायनिक फवारणी, रासायनिक रंग यांच्या संगतीने. त्या प्रत्येक ठिकाणी तक्रारीला जागा आहे, पण तक्रार त्या त्या पदार्थाविरुद्ध होती. ती वाढत वाढत सगळ्या कुळावर गेली. त्यात आणखी एक गंमत. १८२८ मध्ये व्होलर या जर्मन शास्त्रज्ञाने प्रयोगशाळेत युरिया तयार केला. तोवर असे पदार्थ फक्त सजीवांच्या शरीरातच बनतात अशी समजूत होती, म्हणून त्यांना सेंद्रिय म्हणायचे. रसायनशास्त्राच्या वर्गीकरणात युरिया आजही सेंद्रिय संयुग आहे. आणि आपला शेतकरी ज्याला ‘रासायनिक खत’ म्हणतो, त्यातलं पहिलं नाव युरियाचंच! एकच गोणी, वर्गात सेंद्रिय, शेतात रासायनिक. शब्द दोन्हीकडे आपापल्या जागी ठीक आहेत, पण लेबलावर त्यांची जागा कोणती ते कुणी सांगत नाही.

आता ताईंचा साबण. असा साबण करताना मी एकदा डिचोलीला एका घराच्या मागच्या पडवीत बसून बघितला आहे. स्टीलच्या भांड्यात पाणी, त्यात कॉस्टिक सोड्याचे पांढरे दाणे हळूहळू सोडायचे. सोडा पाण्यात, पाणी सोड्यात कधीच नाही; घरमालकीण हे मला दोनदा बजावून गेली. खाली विस्तव नसताना भांडं हात लावू नये इतकं तापलं आणि नाकाला झोंबणारी वाफ आली. मग ते निवल्यावर तेलात ओतून ढवळत बसायचं. आधी सोलकढीसारखं पातळ, मग बघता बघता दाट पेजेसारखं, पळीची रेघ वर उमटून राहील असं. ते साच्यात ओतायचं, दुसऱ्या दिवशी वड्या पाडायच्या आणि चार ते सहा आठवडे फळीवर वाळत ठेवायच्या. १ किलो खोबरेल तेलाला साधारण १८० ग्रॅम कॉस्टिक सोडा लागतो. याला पाठ्यपुस्तकात साबणीकरण म्हणतात. माप नीट असेल तर तयार वडीत तो सोडा सोडा म्हणून उरत नाही. तेलाशी जुळून त्याचा साबण झालेला असतो, आणि जोडीला ग्लिसरीन तयार होतं. पण त्याच्याशिवाय साबण होत नाही. ताई, तुमच्याच गटातल्या बायका हातमोजे घालून जे काम करतात, ते ‘रसायनमुक्त’ हा एक शब्द नाकारतो. मला तर तो त्यांच्या कसबाचा अपमान वाटतो.

मिठाची गोष्ट आणखी सरळ. मीठ म्हणजे सोडियम क्लोराइड, शाळेत शिकवलेलं पहिलंवहिलं संयुग. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मी ‘केमिकल फ्री’ छापलेलं मिठाचं पाकीट हातात घेऊन बघत होतो, तर शेजारी गोणपाटावर करड्या मिठाची रास घालून बसलेली म्हातारी म्हणाली, ‘तातूंत मीठ ना काय कितें?’ पाकिटात मीठच नाही की काय? तिने रसायनशास्त्र शिकलेलं नसावं, पण शंका अगदी शास्त्रशुद्ध होती. मिठागरातलं मीठ पावसाळ्यात पाझरतं ते त्यातल्या मॅग्नेशियमच्या क्षारांमुळे, करडं दिसतं ते मातीमुळे. हे लिहा की! ‘मिठागरातलं, न दळलेलं, न धुतलेलं’ यात खोटं काही नाही आणि घेणाऱ्याला काय मिळतंय ते कळतं. फक्त ‘आयोडीनमुक्त’ ही फुशारकी कुणाच्या सांगण्यावरून छापू नका. थेट खाण्यासाठी विकायच्या मिठात आयोडीन असलंच पाहिजे असा आपल्याकडे नियम आहे. खायचं म्हणून विकत असाल तर छपाईच्या आधी अन्न व औषध प्रशासनात विचारून घ्या. हा शब्दांचा प्रश्न नव्हे, पण गप्प बसवेना.

‘मग मानकुराद आंबा रसायनाने पिकवलेला नको असं आम्ही म्हणतो तेही चूक का?’ असं ताई विचारतीलच. भावना बरोबर, शब्द सैल. बाजारात धोका असतो तो कॅल्शियम कार्बाइडचा. त्याला ओल लागली की ॲसिटिलीन वायू निघतो आणि फळाची साल पिवळी होते. बाजारच्या कार्बाइडमध्ये आर्सेनिक आणि फॉस्फरसचे अंश असू शकतात, म्हणून त्याने फळं पिकवायला बंदी आहे. पण गवतात अढी घालून पिकवलेला आंबाही रसायनानेच पिकतो: फळ स्वतःच इथिलीन सोडतं. तांदळाच्या पिंपात एक पिकलेलं केळं ठेवलं की बाकीची लवकर पिकतात ते याचमुळे. हाच वायू बाहेरून द्यायला कायद्याने परवानगी आहे, प्रमाण बांधून. तेव्हा ‘कार्बाइड न घालता, अढीत पिकवलेला’ असं म्हटलं की त्यात तपासता येण्यासारखं काहीतरी असतं. ‘रसायनमुक्त’ तपासायचं कसं?

नावातच दावा भरून माल विकायची कला गोव्याला नवी नाही. बकऱ्यासारख्या प्राण्यांच्या पोटात सापडणारा खडा विषावर उतारा मानला जाई. फारसीत तो पादजहर, म्हणजे विषापासून राखणारा. आपल्याकडे त्याच जातीचा शब्द जहरमोहरा. अरबीमार्गे युरोपात पोचेपर्यंत पादजहरचा बेझोआर झाला. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने गोव्यात १५६३ साली छापलेल्या औषधींवरच्या संवादांत या खड्याबद्दल लिहिलं आहे. (पणजीच्या बागेला त्याचंच नाव दिलं होतं.) पुढे सतराव्या शतकात खरे खडे पुरेनात म्हणून इथल्या जेझुइट पाद्र्यांनी ते बनवायलाच घेतले. शिंपले, कस्तुरी, अंबर, रत्नांची पूड असं काय काय मळून गोळा करायचा, वर सोन्याचा वर्ख. युरोपात ‘गोवा स्टोन’ म्हणून तो सोन्याच्या भावाने किंवा त्याहून वर विकला जाई, आणि खरवडून चहात किंवा पाण्यात घेत. त्याच्या साधारण शंभर वर्षं आधी फ्रान्सच्या राजाच्या शल्यवैद्याने मृत्युदंड झालेल्या एका स्वयंपाक्यावर बेझोआरची परीक्षा घेतली होती. विष दिलं, खडा दिला. स्वयंपाकी हाल होऊन मेला. तरी खड्यांचा बाजार चालूच राहिला, कारण लोक परीक्षा नव्हे, नाव विकत घेत होते. असल्या जाहिरातींना आळा घालणाऱ्या आपल्या १९५४ च्या कायद्याच्या नावातच ‘औषधे व जादूचे उपाय’ आहे. त्यातला ‘जादू’ शब्द मला फार आवडतो. ताईत, मंत्र, कवच सगळं त्यात बसवलंय. कायद्याच्या मसुद्यात इतका नेमका शब्द क्वचित सापडतो.

आता ‘सिद्ध’. मराठीत त्याचे निदान तीन अर्थ नांदतात. पुराव्याने ठरलेलं ते सिद्ध. तयार असलेलं तेही सिद्ध, जसं ‘स्वयंपाक सिद्ध आहे’ किंवा आयुर्वेदातलं औषधीसिद्ध तेल. आणि साधनेने पोचलेला पुरुषही सिद्ध. लेबलावरचा ‘सिद्ध’ पहिल्या अर्थाने छापतात, तो वाचला जातो तिसऱ्या अर्थाने, आणि माल असतो दुसऱ्या अर्थाचा. शिवाय वाक्याला कर्ता नाही. कुणी सिद्ध केलं, किती जणांवर, कशाच्या तुलनेत? ‘दृष्ट्या’ म्हटलं, पण दृष्टी कुणाची? ‘९९.९ टक्के जंतू मारतो’ हे त्याचंच भावंड: दहा लाखांतले हजार उरले हे त्यात लिहिलेलं नसतं, आणि ते आकडे प्रयोगशाळेतले, मोरीतले नव्हेत. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत. पेडण्याच्या साबणावर कुणी धाड घालणार नाही, पण असला शिक्का तुम्हाला हवाय कशाला?

माझं उत्तर असं: दोन्ही शब्द सोडा. ‘मुक्त’, ‘विरहित’, ‘बिन’ हे कुळाच्या नावाला लावायचे नाहीत, एखाद्या नेमक्या पदार्थाला लावायचे. साबणाला: ‘हाताने केलेला खोबरेल साबण. बिनरंगाचा, बिनअत्तराचा. घटक: खोबरेल तेल, पाणी, कॉस्टिक सोडा (साबण होताना तेलाशी जुळतो).’ कंसातलं वाक्य ठेवाच. सोडा वाचून दचकलेल्या गिऱ्हाईकाला ते सावरून धरेल आणि तुमच्याशी दोन शब्द बोलायला निमित्त मिळेल. गोल शिक्क्याची जागा रिकामी वाटत असेल तर तिथे गावाचं नाव टाका.

आणि छपाईला जायच्या आधी एक बघा. फोटोतल्या नमुन्यात सगळ्यांत मोठ्या अक्षरात ‘खोबेरल’ छापलं आहे.