सासऱ्यांची अफूची गोळी

‘मावशी, सासऱ्यांना प्रोस्टेटचा कॅन्सर आहे, हाडांत उतरलाय. मिरजेच्या डॉक्टरांनी मॉर्फिनची १० मिलीग्रामची गोळी दर चार तासांनी सांगितलीय. दीर म्हणतात, ही अफूच, सवय लागली की संपलं. म्हणून फारच कण्हायला लागले की मी अर्धी मोडून देते. रात्री झोपावेत म्हणून सासूबाईंच्या झोपेच्या गोळीतली एक देते. काल म्हणाले, “पोरी, एवढी चिक्कू का झालीस?” माझं चुकतंय का?’
– एक सून, तासगाव तालुका

अगं, चुकतंय. पण तू त्यांच्या काळजीनंच करतेस, तेव्हा रडत बसू नकोस.

दीर खोटं बोलत नाहीत. मॉर्फिन अफूपासूनच निघतं, आणि ते सहजासहजी कुठल्याही मेडिकलात मिळत नाही ते त्यामुळेच. १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्यानं त्याला इतकं जखडलं होतं की खऱ्या पेशंटलाही मिळायची मारामार. २०१४ ला दुरुस्ती झाली, तेव्हा कुठे थोडी वाट मोकळी झाली. शरीराला त्याची सवय होते हेही खरं. म्हणून ते एकदम बंद करायचं नसतं, नाहीतर घाम, जुलाब, अंग मोडून येणं सुरू होतं. पण ह्याला व्यसन म्हणत नाहीत. उलट बघ, अर्धी गोळी देऊन तूच त्यांना मागायला लावतेस. आणि ते मागायला लागले की दीर म्हणणार, बघा, लागली सवय!

तुमची द्राक्षबाग असेलच. डावणी रोग पानावर दिसल्यावर पंप खांद्याला लावणारा माणूस औषधही जास्त घालवतो आणि घडही. दुखण्याचं तसंच आहे. या साध्या गोळीचा असर चारेक तास टिकतो. तो उतरायच्या आत पुढची पोटात गेली पाहिजे, कण्हणं ऐकू येण्याची वाट बघायची नाही. मात्र इतके दिवस अर्धीच जातेय हे डॉक्टरांना आधी फोन करून सांग, मग ते म्हणतील त्या मापानं सुरू कर. एखादी चुकली तर पुढच्या वेळी दोन देऊ नकोस. पुढे कधी गोळी बदलून ‘एसआर’ (हळूहळू उतरणारी) लिहिलेली आली, तर ती मोडायची, कुटायची नाही. बारा तासांचं औषध एकदम अंगात उतरतं.

भ्यायचंच असेल तर त्या झोपेच्या गोळीला भी. डॉक्टरांना न विचारता मॉर्फिनबरोबर ती, किंवा कुणी पाहुण्यानं ‘अंग मोकळं होईल’ म्हणून पाजलेला एखादा घोट, ह्यानं श्वास मंदावतो. तो डबा आजच सासूबाईंच्या कपाटात परत ठेव. सासूबाईंना किती दिवसांपासून चालू आहे तेही बघ, पण ते पुढच्या पत्रात.

दुसरी भीती बद्धकोष्ठाची. हसू नकोस. माझ्या थोरल्या बहिणीच्या वेळी मळमळ आणि गुंगी चार दिवसांत गेली, पोट मात्र सहा दिवस साफ नाही. कॅन्सरपेक्षा त्यानंच ती जास्त तळमळली, आणि मी बावळट, गरम पाणी देत बसले. ही तक्रार आपोआप जात नाही. मॉर्फिनबरोबर रोज पोट साफ होण्याचं औषध लागतं. चिठ्ठीत नसेल तर मागून घे.

लघवी कमी झाली, किंवा गुंगी एकाएकी वाढली, तर पुढची गोळी द्यायच्या आधी डॉक्टरांना कळव. किडनी मंदावली की औषध अंगात साठतं. हाक मारून, हलवूनही जागे होत नाहीत, बुबुळातली बाहुली टाचणीच्या टोकाएवढी झालीय, श्वास मिनिटाला आठ-दहाच्याही खाली गेलाय, असं दिसलं तर बसून राहू नकोस, थेट १०८.

घरात पोरं असतील तर गोळ्या कुलपात. गुडघे दुखणाऱ्या शेजारणीला एकही नाही. उरलेल्या मिरजेला परत.

आणि एक वही कर. गोळीची वेळ, दुखणं दहापैकी किती, पोट साफ झालं का, एवढंच. पुढच्या खेपेला ती वही घेऊन दिरांनाच मिरजेला पाठव. ‘सवय लागेल का’ हे त्यांनी स्वतः डॉक्टरांना विचारावं, सासऱ्यांच्या समोर.