वाचक विचारतात : इंग्लंडच्या ‘इंडियन’ हॉटेलात आपली चव कुठे गेली?

प्रश्न : ताई नमस्कार. आम्ही दारव्हा तालुक्यातले, घरी कापूस-तूर. मुलगा इंग्लंडात बर्मिंगहॅमजवळ नोकरीला आहे, मागच्या वर्षी मी अन् त्याची आई दोन महिने जाऊन आलो. माझ्या वाढदिवसाला त्यानं मोठ्या हौसेनं एका इंडियन रेस्टॉरंटात नेलं, म्हणे बाबा पंधरा दिवस झाले ब्रेड अन् पास्ता खाऊन कंटाळले तुम्ही, आज आपलं खा. मेनूत एक नाव ओळखीचं नाही, बाल्टी म्हणे, मद्रास म्हणे, टिक्का मसाला म्हणे. चिकन आलं ते नारंगी अन् गोड. मी दोन घास खाल्ले अन् म्हणलं हे आपलं जेवणच नाही, हे लोक फसवून राहिले. मुलगा एवढंच बोलला, "काहून बाबा, इतकं खराब आहे काय?" अन् घरी येईपर्यंत गाडीत गप्प. बिल ८० पौंड, म्हणजे एक क्विंटल कापसाच्या वर. आता मे महिन्यात परत चाललो, तो पुन्हा नेणारच. जावं का नाही? अन् हे लोक इंडियन नाव लावून असं काहून करतात?
– एक वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : काका, जा. आणि फसवलं नाही हो तुम्हाला कोणी. मी वरुडकडची, तिकडे शिकायला होते तेव्हा शनिवार-रविवार अशाच एका रेस्टॉरंटात भांडी धुवायला जायचे, म्हणून सांगते ते आतून बघितलेलं आहे. ते जेवण आपलं नाही हे तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं, पण तो स्वयंपाकी तुमच्यासाठी रांधतच नव्हता, शेजारच्या टेबलावरच्या गोऱ्या माणसासाठी रांधत होता.

तिकडची बरीचशी ‘इंडियन’ रेस्टॉरंटं बांगलादेशी लोकांची, त्यातही सिल्हेट भागातल्यांची. त्यांच्या आधीच्या पिढ्यांतले लोक इंग्रजांच्या बोटींवर खाली इंजिनात कोळसा घालायला असायचे, त्यातले काही लंडनच्या बंदरात उतरले ते परत चढलेच नाहीत, मिळेल त्या किचनमध्ये कामाला लागले, मग हळूहळू स्वतःची हॉटेलं काढली. धंदा त्याच्याही आधीचा आहे. पाटण्याच्या शेख दीन मोहम्मदनं १८१० मध्ये लंडनला भारतीय जेवणाचं हॉटेल काढलं होतं, ते दोनेक वर्षांतच बुडालं. १९२६ साली रीजंट स्ट्रीटवर वीरास्वामी निघालं, ते मात्र टिकलं. तर दोनशे वर्षं गिऱ्हाईक गोरं आहे काका, चव त्याच्याकडे सरकणारच. तुमच्यासमोर आलेलं ते नारंगी चिकन टिक्का मसाला, त्याला २००१ मध्ये त्यांचे परराष्ट्रमंत्री रॉबिन कुक यांनी खरा ब्रिटिश राष्ट्रीय पदार्थ म्हटलं होतं. म्हणजे तुम्ही वाढदिवसाला इंग्लंडचं जेवण जेवून आलात असं धरा. आणि बाल्टी म्हणजे पातळ पत्र्याची छोटी कढई, त्यातच शिजवतात आणि तशीच चुरचुरत टेबलावर आणतात, ही तर बर्मिंगहॅमचीच, तिथल्या पाकिस्तानी-काश्मिरी लोकांनी १९७० च्या दशकात काढलेली.

सगळ्या भाज्या एकसारख्या लागतात त्याचंही कारण आहे. दुपारी मोठ्या गंजात कांदा, आलं-लसूण, हळद, भरपूर तेल घालून तासन् तास शिजवतात आणि मिक्सरला फिरवून गुळगुळीत करतात. संध्याकाळी ऑर्डर आली की त्यातलेच दोन डाव कढईत, मलई-साखर घातली की गोड, तिखट वाढवलं की मद्रास, अजून वाढवलं की विंदालू, दहा मिनिटांत ताट बाहेर. आपल्यासारखं खोबरं-कांदा निखाऱ्यावर काळा होईस्तोवर भाजा, पाट्यावर वाटा, तर्री वर येईपर्यंत थांबा, हे तिथे कोण करणार, कोणाला वेळ आहे?

पण तुम्हाला खरं सांगायचंय ते हे. रात्री साडेअकराला शटर खाली ओढलं की आम्ही कामाची माणसं किचनमध्येच बसून जेवायचो, आणि ते जेवण मेनूवर कुठेच नव्हतं. मसुराची पातळ डाळ, वरून लसणाची करपत आलेली फोडणी, मोकळा भात, पातळ रश्श्यातली मासोळी, हिरवी मिरची मोडून. मासे माझ्या घरी कधी व्हायचे नाहीत, पण तो डाळ-भात हाताने कालवला आणि मला आईच्या चुलीजवळ बसल्यासारखं झालं. आमचे हेड कुक चाचा काही न विचारता दुसऱ्यांदा डाळ वाढायचे.

म्हणून काका, या वेळी मुलगा नेईल तेव्हा मेनू बाजूला ठेवा आणि वाढणाऱ्या पोराला हिंदीत विचारा, बेटा तुम लोग क्या खाते हो, वही मिलेगा क्या? गर्दीच्या शनिवारी नका विचारू, मंगळवार-बुधवारी जा, आणि मुलाला आदल्या दिवशी फोन करून ठेवायला सांगा. दरवेळी मिळेलच असं नाही, पण वयस्क माणसानं असं विचारलं की ती माणसं फार खूश होतात हे मी बघितलंय. तिखटच पाहिजे असेल तर ‘नागा’ असं नाव दिसेल ते मागवा, ती सिल्हेटकडची मिरची आहे, आपल्या भिवापुरीला मागे टाकते, जपून खा.

आणि मुलाशी बोला हो. त्याला त्या चिकनचं कौतुक नव्हतं, पंधरा दिवस बाबा नीट जेवले नाहीत हे त्याला दिसत होतं. त्याला गाडीतच बसल्या बसल्या म्हणा, तू नेलं ते मला आवडलं होतं, भाजी नव्हती आवडली. एवढं म्हटलं तरी पुरे.

बाकी घरी करून खायचं असेल तर ज्वारीचं पीठ तिथल्या गुजराती दुकानात ‘जुवार’ नावानं मिळतं, जुनं असतं म्हणून भाकर फाटते, उकळतं पाणी घालून मळायला सांगा काकूंना. इथून तिखट, हळद, जवसाची चटणी न्या. तूप, पेढे, खवा नेऊ नका, दुधाचे आणि मांसाचे पदार्थ भारतातून ब्रिटनमध्ये आणू देत नाहीत. सुकं खोबरं तर आपल्याच विमानतळावर काढून ठेवतात, त्यात तेल असतं, पेट घ्यायची भीती. आणि तिथे मसाला भाजताना खिडकी उघडी ठेवा, नाहीतर धुराचा अलार्म कोकलतो आणि सूनबाईची धावपळ होते.

प्रश्न : माझा भाऊ दुबईला आहे, तिथल्या हॉटेलातलं मटण त्याला फिकं लागते. घरचा सावजी मसाला कोणासोबत पाठवला तर चालते का?
– एक वाचक, ता. उमरेड, जि. नागपूर

उत्तर : दादा, आधी मसाल्यात खसखस आहे का ते बघा, आणि सावजीत ती बहुतेक असतेच. खसखस म्हणजे अफूच्या बोंडाचं बी, यूएईमध्ये त्यावर बंदी आहे, सिंगापूरमध्येही आहे. आपल्याला साधी वाटणारी चिमूटभर खसखस तिथे अमली पदार्थाच्या कायद्यात येते, नेणारा बिचारा विनाकारण अडकेल. भावासाठी वेगळा मसाला कुटा, खसखशीच्या जागी तीळ आणि जवस जरा जास्त घ्या, खलबत्ता आधी स्वच्छ पुसून, आणि पुडीवर काय काय घातलंय ते इंग्रजीत लिहून चिकटवा.