विहीर आटली तरी जीडीपी वाढतो, असं कसं? तुमच्या प्रश्नांना उत्तरं

मागच्या खेपेला मी लिहिलं होतं की दरवर्षी जीडीपी, म्हणजे देशात वर्षभरात तयार झालेल्या माल-सेवांची एकूण किंमत, वाढलीच पाहिजे हा हट्ट जमीन-पाण्याच्या मुळावर येतोय. त्यावर खानदेशातून जरा तापलेलेच प्रश्न आले, त्यातले पाच घेतो.

जीडीपी वाढला म्हणजे लोकांच्या हातात पैसा आला ना सर? मग त्यात वाईट काय? (रावेर)

पैसा फिरला एवढं खरं. पण तुमची आजोबांच्या वेळची विहीर आटली आणि तुम्ही ६०० फूट बोअर मारला, तर बोअरच्या गाडीचा खर्च, केसिंग, मोटार, केबल, सगळं जीडीपीत वाढ म्हणून धरलं जातं आणि विहीर आटली ते मात्र कुठेच नावे पडत नाही. गल्ला रोज मोजायचा आणि गोदामात माल किती उरला ते बघायचंच नाही, असं दुकान किती दिवस चालेल? आणि हे काय माझं डोकं नाही, अमेरिकेत राष्ट्रीय उत्पन्न मोजायची पद्धत ज्यांनी बसवली त्या सायमन कुझनेट्सनीच १९३४ साली बजावलं होतं की या आकड्यावरून देशाचं भलं झालं की नाही ते ठरवू नका. ऐकलं कोणी?

आम्ही ड्रिप (ठिबक) केलं, पाणी वाचलं. टेक्नॉलॉजीनेच प्रश्न सुटेल की! (यावल)

वाचलेलं पाणी गेलं कुठे ते सांगा. दोन एकर केळीचं पाणी चार एकराला पुरायला लागलं की आपण चार एकर लावतो आणि मोटार पूर्वीइतकीच चालते. इंग्लंडमध्ये जेव्हन्स या अर्थतज्ज्ञांनी १८६५ मध्ये कोळशाबद्दल हेच दाखवलं, इंजिनं कमी कोळशात चालायला लागली आणि एकूण कोळसा जास्त जळायला लागला. ड्रिप काढून फेका असं मी म्हणत नाहीये, माझ्याकडेही आहे. पण हर्मन डेली नावाचे अर्थतज्ज्ञ होते, ते म्हणायचे झऱ्यातून जेवढं भरतं त्यापेक्षा उपसा जास्त नको आणि माती-नदीला जेवढी घाण पचते त्यापेक्षा जास्त टाकू नका. ही हद्द आधी ठरवायची, ड्रिप त्याच्या आत.

पण हद्द ठरवणार कोण? सगळं पुस्तकी वाटतं. (साक्री)

साक्रीच्या माणसाने हे विचारावं, कमाल आहे! पांझरा नदीवरची पाणी वाटायची जुनी फड पद्धत विसरलात? नदीवर दगडी बंधारा, तिथून पाट, पाटातून चाऱ्या, आणि खालचं रान तीन-चार मोठ्या तुकड्यांत, म्हणजे फडांत, वाटलेलं, एका फडात एकच पीक आणि वर्षावर्षाला फेरपालट. पाण्याची दारं कोणी स्वतः धरायची नाहीत, पाटकरी पाणी देणार, जागल्या पीक राखणार. ज्या साली नदीला पाणी कमी त्या साली गावाचे पंच बसून ठरवायचे की यंदा एवढेच फड भिजतील. आता खरी गंमत बघा, बहुतेकांची जमीन प्रत्येक फडात थोडी थोडी असायची, म्हणजे एक फड कोरडा राहिला तरी कोणाचंच घर पूर्ण बुडत नव्हतं. आधी पाणी मोजलं, मग पीक ठरवलं, आपण आज नेमकं उलटं करतो. काही शतकं हे चाललं. सगळं गोड होतं असंही नाही, ज्याला जमीन त्यालाच पाणी मिळायचं, मग ज्याला जमीनच नाही त्याला काय? पुढे वरच्या अंगाला धरणं झाली, विहिरी-मोटारी आल्या आणि बरेच फड मोडले.

आणि तुमच्याच तालुक्यातलं बारीपाडा आहे, गावाने जंगल राखलं, कुऱ्हाडबंदीचे नियम स्वतः केले, त्यात पुढे असलेल्या चैत्राम पवारांना २०२५ ला पद्मश्री जाहीर झाली. एकदा जाऊन या.

आमच्याकडे धड दवाखाना नाही आणि तुम्ही वाढ थांबवा म्हणता? (अक्कलकुवा)

तुमचा राग बरोबर आहे. वाढ थांबवा हे मुख्यतः श्रीमंत देशांना आणि आपल्यातल्या श्रीमंतांना उद्देशून आहे. केट रॉवर्थ या अर्थतज्ज्ञांनी याचं डोनटचं चित्र काढलंय, आपण मेदूवडा म्हणू. मधल्या भोकात पडलात तर अन्न, औषध, शाळा नाही, बाहेरच्या कडेपलीकडे गेलात तर हवा-पाणी बिघडतं, राहायचं वड्यावर. अक्कलकुव्याचे पाडे भोकात आहेत, तिथे दवाखाना, नर्स, रस्ता वाढलाच पाहिजे.

बँकेचा हप्ता आहे. केळी सोडून दादर (रब्बी ज्वारी) लावू का? (चोपडा)

एकदम नका. बँक हप्ता व्याजासकट मागते आणि तो दादरीवर निघणार नाही, एकट्या शेतकऱ्याने हद्द पाळायची आणि शेजाऱ्याने उपसत राहायचं यात तुम्हीच मराल. काळ्या रानाचा एखादा तुकडा असेल तर तिथे दादर घ्या, जमिनीतल्या ओलीवर येते आणि कडबा घरचा होतो. बाकी येत्या मे महिन्यात बांधाला लागून असलेल्या तिघा-चौघांच्या बोअरला पाणी किती फुटांवर आहे ते विचारून वहीत तारखेसकट लिहा, पुढच्या मे मध्ये परत लिहा, आणि मग ती वही घेऊन त्यांच्यासोबत बसा.